तिसरा चोर डोंगराआड

भूत, अंगात येणं, पुढचं आधी कळणं... असल्या गोष्टींना मी जन्मभर शिव्या घातल्या. घुमणाऱ्याला तोंडावर 'नाटकं बंद कर' सांगणारा माणूस मी. शाळा चौथीपर्यंत, मग बिरवाडीच्या कारखान्यात हेल्पर. लिहिण्यात चुका असतील त्या सोसा. खोटं मात्र एक अक्षर नाय.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. मधे मोकळा माळ, उगवतीपासून उत्तरेपर्यंत उंच डोंगर. सरपंच दत्ता, माझा पुतण्या. त्यानं माळावर उंच खांबाचा हायमास्ट दिवा मंजूर करून आणला. अर्जावर पहिली सही माझीच. मला वाटलं, उजेड म्हणजे सुधारणा!

माझी बायको अनसूया चार दिवस बोलली नाय माझ्याशी. अंगठा लावणारी बाई, पण आभाळ पाठ. घरात घड्याळ नव्हतं तेव्हा चांदण्या बघून ती दळायला उठायची. मी चेष्टा करायचो, "चांदण्या मोजून भाकरी मिळते काय गो?"

"अवो, भाकरी वेळेवर मिळते ती कुणामुळं?" म्हणायची.

ग्रामसभेत ती सरळ उभी राहिली. "दत्त्या, उजेड पायाखाली पायजे का आभाळात? वाटेवर लहान दिवे लाव, वर टोपी, तोंड खाली. साप जमिनीवर असतो रे, ढगात नाय."

सगळे हसले. दत्ता म्हणाला, "काकी, आभाळात ठेवलंय काय एवढं?"

"शिमग्याआधीच्या अवसेला दिवे बंद करून माळावर या. दाखवते. मग ठरवा."

ठरलं. पण पौषात तीन दिवसांच्या तापात ती गेली. तेराव्याला दत्ता हळूच म्हणाला, "काका, आता कोण दाखवणार? हायमास्टचं काम सुरू करतो."

मला राग आला. बोलून बसलो, "मी दाखवीन!"

आता माझी गोष्ट ऐका. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आभाळाकडं बघितलं की दुधाळ धूर, बाकी काय नाय. आणि चांदण्यांची नावं? चाळीस वर्षं ती सांगत होती, मी घोरत होतो.

अवसेला जेवणं उरकून सगळी वाडी माळावर आली. वायरमननं फ्यूज काढला. शाळेचे गुरुजी तारे दाखवणारं मोबाईल ॲप घेऊन उभे. मी मधे. आज आपल्यापायी मेलेल्या बाईचं हसं होणार, एवढंच डोक्यात.

आणि माझा उजवा हात वर गेला. मी नेला नाय — गेला. तोंड बोलायला लागलं.

"ते बघा मृगाचं तिकांडं, तीन ओळीनं. खाली दक्षिणेला एकटाच झळकतोय तो अगस्ती. आणि डोंगराच्या वर गुरुजींच्या सप्तर्षींतलं म्हातारीचं बाजलं, चार खुरांचं. बाजलं पळवणारे चोर तीन, पण आता दोनच मोजा. तिसरा डोंगराआड हाय. तंबाखू मळा, तोवर येतोय."

गुरुजी मोबाईल फिरवत म्हणाले, "बरोबर हाय... सगळं बरोबर हाय."

दत्ताही त्या मोबाईलात डोकावत असणार. कारण माझं तोंड कडाडलं, "दत्त्या, मान वर कर मेल्या! चांदण्या वर हायत!"

'मेल्या' ही बायकांची शिवी. माझ्या तोंडात ती कधी आली नव्हती. त्याला तसं म्हणायची एकटी अनसूया. दत्ताचा आवाज आला, बारीक, "व्हय काकी."

थोड्या वेळानं कोण तरी ओरडलं, "आला! तिसरा चोर आला!" टाळ्या, शिट्ट्या, बाया हसतायत... सगळ्या वाडीला तो दिसला. मला सोडून.

दुसऱ्या दिवशी महाडला डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, पिकलाय मोतीबिंदू. तारे राहू द्या, तुम्हाला समोरचा माणूस ओळखू येत नाही." पुढं ऑपरेशन झालं. आता सगळं आभाळ स्वच्छ दिसतं, पण बाजलं गुरुजींना विचारून शोधावं लागलं. त्या रात्री कोण बोललं, मला ठाऊक नाय. ठाऊक असल्याचं सोंगही करणार नाय.

हायमास्ट रद्द झाला. वाटेवर लहान दिवे लागले, टोपीवाले, तोंड खाली. आता नाते गावाहून, महाडहून माणसं आमचं आभाळ बघायला येतात.

ठरावाच्या वहीत सूचक म्हणून माझं नाव लिहिलेलं. मी म्हटलं, "खोड ते. अनसूया लिही."

ग्रामसेवक म्हणाले, "मयत व्यक्ती सूचक कशी होईल? नियमात बसत नाही."

दत्तानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. म्हणाला, "साहेब, त्या रात्री तुम्ही माळावर नव्हतात," आणि स्वतःच्या हातानं काकीचं नाव लिहिलं.