झेंडावंदनाची खुर्ची

आमच्या बडनेऱ्याच्या कॉलनीतले निवृत्त सुभेदार सैन्यभरतीच्या पोरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पळवतात. "घुडगे छातीले लागले पायजे बे," असं ओरडतात. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र पाठीवर वजन घेऊन वर्षानुवर्षं डोंगर चढल्यामुळे पापडासारखे वाजतात.

झेंडावंदनाला हा माणूस पहिल्या रांगेतली खुर्ची नाकारून ताठ उभा राहतो. प्रमुख पाहुणे नेहमीच उशिरा येतात, आणि फौजी उभा म्हटल्यावर आम्हालाही लाजेकाजेस्तव उभं राहावं लागतं. यंदा वैतागून मी म्हटलं, "काका, बसा ना आता. तुमची शिस्त पाहली आमी."

ते माझ्या कानाशी आले.

"शिस्त गिस्त काई नाई भाऊ. आता बसलो, तं जनगणमन संपल्यावरच उठनं होते."