काकूच्या पावतीवरची फॅट

दुसऱ्यानं बांधून दिलेल्या पुडीवर माझा भरवसा नाही. आमच्या मालेगाव रोडवरच्या गावात दुधाची डेअरी आहे. तिथे दुधातली फॅट मोजायची नवी मशीन आली, सोबत सी भाषेत लिहिलेली तयार लायब्ररी आली, म्हणजे मशीनशी बोलणारा बांधीव प्रोग्राम. तिच्या आत काय आहे ते बघायची सोयच नाही. मी पायथन भाषेत प्रोग्राम लिहिणारा. माझ्या प्रोग्रामनं तिला हाक मारायची, ती फॅट सांगणार, आपण पावती छापायची.

मशीन बसली आणि शेजारच्या काकूची फॅट घसरली. तिची एकच म्हैस, घर त्याच दुधावर चालतं. रांगेत ज्याची त्याची जागा ठरलेली. काकूच्या मागे माझे बाबा. "पाणी टाकून राह्यली बाई," असं सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणायचे. शेवटी डेअरीच्या सचिवानं सांगून टाकलं, "उद्या बी असंच आलं तर तुमचं दूध बंद, काकू."

काकू माझ्याकडे वळली. "मले देवाची आन हाये बापा, थेंब नाही टाकला."

मला तिचाही संशय आला. मग त्या बंद लायब्ररीचा आला, मग सचिवाचा. माझ्या प्रोग्रामचा काही येईना. तो मी लिहिला होता ना!

दुपारी काकूच्या घरून सकाळचंच उरलेलं दूध मागवलं. डेअरीत दुसरं कोणी नव्हतं. मशीनला लावलं, तर फॅट झकास! च्यायला, डोकंच फिरलं. एकटीचं दूध चांगलं आणि रांगेतलं पातळ?

मग लायब्ररीसोबत आलेली माहिती ओळ न ओळ वाचली. लायब्ररी उत्तर हातात देतच नव्हती, ठेवलंय कुठे तेवढं सांगायची. आणि जागा दरवेळी तीच. एकाचं ताट उचलायच्या आत त्यातच दुसऱ्याला वाढावं, तसला प्रकार. आमचा प्रिंटर मंद. काकूची पावती छापेपर्यंत तिच्या पाठीमागच्या माणसाचं दूध मशीनला लागलेलं असायचं, आणि त्याचीच फॅट काकूच्या पावतीवर यायची. सगळ्यांचंच तसं होत होतं, पण बाकीच्यांचं दूध सारखंच, म्हणून कोणाला कळलं नाही.

उत्तर आलं की लगेच आपल्याकडे उतरवून घ्यायचं, एवढीच दुरुस्ती. ती केली. मग पाठीमागच्या माणसाचा संशय आला, तो तसाच गिळला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूची पावती निघाली. फॅट भरपूर. काकूनं डोळ्याला पदर लावला. मग बाबांची निघाली. सचिवानं ती वाचली, परत वाचली. काकूची आधी यायची तेवढीच फॅट.

बाबा माझ्याकडे पाहून हसले. "अबे, तुह्या मशीनमधी अजून घोटाया हाये. सांग न सचिवाले."

काकू रिकामी कॅन घेऊन तिथेच थांबली होती. मशीन बिघडली म्हटलं असतं तर बाबा सुटले असते, पण मग तिची पावतीही खोटी ठरली असती.

"नाही बाबा," मी म्हटलं. "आता बरोबर सांगून राह्यली."