राखेतले रोडगे आणि माझ्या गारगोट्या

दगडही कच्चा असतो आणि तो भाजून घ्यावा लागतो, हे आमच्या घरात फक्त मलाच माहीत होतं. रिटायर झाल्यावर मला आदिमानवासारखी दगडाची हत्यारं घडवायचा नाद लागला. कौंडण्यपूरला जायचं, नदीकाठच्या गारगोट्या आणायच्या आणि अंगणात ठोकत बसायचं. दगड आधी हळूहळू तापवला की त्याचे पातळ पापुद्रे निघतात, असं मोबाईलवर पाहिलं होतं. पण गॅसजवळ दगड नेला की बायको म्हणायची, "आंधी तुमचं डोकं शेका, मंग दगड."

अशात आमच्या मुलीला, सोनूला बघायला अकोल्याचे पाहुणे आले. सोनूला मुलगा मनापासून आवडला होता. मुलाच्या वडिलांचा होकार तेवढा बाकी होता. बायकोनं रोडग्यांचा बेत केला. (कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचे, बुक्कीनं फोडायचे आणि वर तूप!) अंगणातला तो लालबुंद आर पाहून माझी नियत फिरली. बायको आत वळताच मी चार गारगोट्या रोडग्यांशेजारी पुरल्या.

थोड्या वेळानं आरात 'फट्' झालं.

"काय फुटून राहिलं जी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गोवरी ओली असन," मी म्हणालो.

पंगत बसली. बायको म्हणाली, "तुमी राख झटका न वाढा." धुरानं माझ्या डोळ्यांना पाणी, त्यात दगड नि रोडगे सारखेच राखेनं माखलेले. चिमट्याला जो सगळ्यात जड लागला, तो मी मोठ्या मानानं मुलाच्या वडिलांना वाढला.

त्यांनी बुक्की मारली. हात चोळत म्हणाले, "भाजला चांगला हाय." दुसरी बुक्की मारली. बायकोचा चेहरा उतरला. कणीक तिनंच मळली होती. सोनूनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

शेवटी त्यांनी तो ओट्याच्या कडेवर हाणला. टण्णकन आवाज झाला आणि काचेसारखी पातळ, चकचकीत चिलपी उडाली.

"निघाला! पापुद्रा निघाला!" मी चिमट्यासकट नाचलो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हंजे तुमी मले गोटा वाढला?"

"भाजून वाढला," मी म्हणालो.

ते आधी चिलपीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, आणि मग असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "पोरगी पसंत हाय. आता तिच्या मायनं केलेला रोडगा आणा बाप्पा, भूक लागून राहिली."

लग्न थाटात झालं. जावई फार गुणी, मला कधी उलटून बोलत नाहीत. फक्त मी काही वाढलं, मग तो लाडू का असेना, आधी ताटावर हळूच ठोकून पाहतात.