पोर्च एक, गाड्या दोन

पोह्यांवर शेव भुरभुरली की थोडी बशीबाहेर सांडतेच. आमच्या कंपूत किस्सेही असेच सांडतात, कोणी मुद्दाम करत नाही! दर रविवारी आम्ही बिट्टन मार्केटात पोहे-जिलेबी हाणतो आणि मग थेट ड्रॅग रेसला जातो.

घाबरू नका. शर्माजींच्या मॅरेज गार्डनमागे त्यांचाच खासगी सरळ रस्ता आहे आणि स्पर्धक फक्त दोन. बापटकाका आणि त्यांच्या सौभाग्यवती सुमनकाकू! काकांची पेट्रोल गाडी म्हातारी, काकूंची इलेक्ट्रिक नवीकोरी. घराला पोर्च मात्र एकच. जो जिंकेल त्याची गाडी सावलीत. काकांची बाहेर गेली, तर मुलगा ती भंगारात काढणार हे ठरलेलं. त्यामुळे काकांच्या जिवाला घोर लागला होता.

*

पहिल्या रेसला शर्माजी झेंडा घेऊन उभे. काकांची गाडी धडधडतेय, काकूंची चिडीचूप. शर्माजी झेंडा खाली घेईनात.

"भाभीजी, पहले गाड़ी तो स्टार्ट कीजिए!"

"चालू है, भाईसाहब."

"आवाज़ नहीं आ रही."

"इसमें आवाज़ आती ही नहीं!"

ही चर्चा एवढी रंगली की काकांचं इंजिन तापून बॉनेटमधून वाफ निघाली. रेस कॅन्सल! काका खिडकीतून ओरडले, "पण आवाज तर माझाच मोठा होता ना?"

*

पुढच्या रविवारी काकूंनी दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली. शुभकार्य म्हटल्यावर लिंबं नकोत? झेंडा पडला आणि काकूंची गाडी अशी सुटली की एक लिंबू उडून थेट शर्माजींच्या पांढऱ्या शर्टावर! काकांची मात्र स्टार्टच होईना.

"माझी सुरू झाली नाही, म्हणजे रेसही सुरू झाली नाही," काकांनी मुद्दा मांडला.

काकू वाकल्या आणि काकांच्या चाकांखालची लिंबं गोळा करू लागल्या. "चारही अख्खी आहेत. घरी सरबत करू."

*

मग काकांनी गाडीचं वजन कमी करायचं ठरवलं. मागची सीट काढली, जॅक काढला, स्टेपनीसुद्धा काढली. "अब देखना, हवा से बातें करेगी!"

हबीबगंज नाक्यावर टायर पंक्चर.

शेवटी काकूंनी आपल्या गाडीला दोर बांधून त्यांना टायरवाल्याकडे आणि मग तसंच रेसच्या जागेपर्यंत ओढत आणलं. काका उतरले, दोराकडे बघितलं आणि जाहीर केलं, "दोघं एकदमच पोचलो. टाय!"

*

एकदा काकू रात्री गाडी चार्जिंगला लावायला विसरल्या. त्यात त्यांनी सगळ्यांसाठी इडल्या आणलेल्या. त्यांच्या गाडीत मिक्सर चालेल असा प्लग आहे, म्हणून ताजी चटणी तिथेच वाटायची असा बेत! काकांनी चटणी मागितली. संपल्यावर पुन्हा मागितली. आम्हीही ताटं पुढे केली, मिक्सर फिरतच राहिला. रेसच्या वेळी काकूंची गाडी चार हात गेली आणि थांबली.

"चार्जिंग संपलं," काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला तर नारळ आवडत नाही!"

काका मिशा पुसत होते. रेस रद्द झाली ती चटणीवरून.

*

शेवटी निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, आज फैसला. उद्या भंगारवाला येतोय." काकांचा चेहरा एवढासा झाला. आम्हालाही कसंसंच झालं, कारण निकाल सगळ्यांनाच माहीत होता. काकूंनी काकांकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्या गाडीकडे, आणि आपल्या गाडीत जाऊन बसल्या.

झेंडा पडला. काकांची गाडी खोकत, धूर सोडत निघाली आणि काकूंची जागची हललीच नाही!

"चार्जिंग संपलं," काकू म्हणाल्या.

काका जिंकले! पोर्च त्यांचा! शर्माजींनी जिलेबी वाटली, निखिलने कपाळाला हात लावला, आणि काका रुमालाने डोळे पुसत विजयी वीरासारखे घरी निघाले. म्हणजे निघणार होते. गाडी स्टार्टच होईना.

काकूंनी डिकीतून दोर काढला, बांधला आणि काकांना भर उन्हात गावातून घरापर्यंत ओढत नेलं. एसी चालू होता. मागून काकांचा आवाज येत होता, "सुमन, जरा सावकाश! हरलेल्या माणसानं एवढ्या जोरात जाऊ नये!"