दहापैकी सात

काचबिंदूनं घड्याळवाल्यांची दृष्टी नेली, त्याला दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस आता चहाचा कपही चाचपडत शोधायचा. बायकोनं बुकबाइंडिंगच्या कारखान्यातली नोकरी सोडली, मैत्रिणींकडे जाणं सोडलं. घरात मोठ्यानं बोलणंही टाळायची, ह्यांच्या जखमेवर मीठ नको म्हणून.

एका सकाळी विद्यापीठातली एक मुलगी आली. डोळे किंवा हातपाय गेल्यावर माणसाच्या सुखाचं काय होतं, याचा ती अभ्यास करत होती.

"काका, एकंदरीत किती सुखी आहात? दहापैकी सांगा."

घड्याळवाले म्हणाले, "सात."

ओट्याशी भाजी चिरणाऱ्या बायकोनं ते ऐकलं. सुरी हातात घेऊनच ती बाहेर आली. "सात? आणि मी दोन वर्षं तोंड शिवून बसलेय ती कुणासाठी?"

"अगं, पहिले सहा महिने शून्यच होतं. मग कधी रेडिओ ऐकताना, कधी ऊन अंगावर घेताना बरं वाटायला लागलं. तू एवढी गप्प. मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

मुलगी हळूच म्हणाली, "काकू, असं पुष्कळ घरांत दिसतं. माणूस सावरतो, पण जवळच्यांना तो अजून तिथंच अडकलाय असं वाटत राहतं. तुमचा आकडा किती?"

हे बायकोला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"तीन," म्हणत ती त्यांच्याजवळ बसली. घड्याळवाल्यांनी आवाजाच्या रोखानं हात पुढे केला. तो पात्याला लागायच्या आत तिनं सुरी बाजूला सरकवली आणि हात धरला.

महिन्याभरात त्यांनीच हट्ट धरून तिला कारखान्यात परत पाठवलं. पहिल्या संध्याकाळी ती घरी आली, तर ते पलंगाच्या कडेला बसलेले.

"आज खूप रडलो," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली. "उद्यापासून नाही जात मी."

"जा. रडू आलं म्हणून मी सात म्हणालो ते खोटं होत नाही. दोन्ही आहे. सुखही आहे, हेही आहे."

तिला ते पुरतं पटलं नाही, तरी ती गेली. काही दिवस ते रडायचे, काही दिवस नाही. संध्याकाळी ती आकडा विचारायची आणि ते खरं सांगायचे. मग ते तिला विचारायचे, आणि तीही हातचं राखून बोलत नसे.