स्टँडपासून पायी

मी अठरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. कळंबहून सुटणाऱ्या गाड्यांवर. एका दुपारी आमची बस घाटात कलंडली. एक प्रवासी गेले, बाकीच्यांना थोडंफार लागलं, माझा उजवा खांदा मोडला. खांदा तीन महिन्यांत जुळला. कामावर परत गेले त्या दिवशी बसच्या पायरीपाशी उभी राहिले, तर पाय उचलेना. भीती वाटली म्हणावं तर तसं नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. पाय तेवढा उचलत नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, "बाई, चढा की." मी बाजूला झाले आणि मागच्या लोकांना चढू दिलं.

असं चार-पाच दिवस झालं. मग साहेबांनी मला येरमाळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. आलेल्या-गेलेल्या गाड्या वहीत लिहायच्या, तुळजापूरची कुठं लागली, बार्शीची कधी सुटणार, ते माइकवर सांगायचं. काम सोपं होतं. अवघड होतं ते तिथवर जाणं, कारण बसमध्ये तर मी बसत नव्हते. माझा नवरा शिंपी. कळंबला त्याचं दुकान होतं. तो सकाळी मला मोटरसायकलवर येरमाळ्याला सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. मी मागं डोळे मिटून बसायचे. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा ढीग दुकानात पडला आणि शिवणारा रस्त्यावर, तेव्हा एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "तिकडंच घर घेऊ. मशीन काय, कुठंही चालते."

"घ्या," मी म्हणाले. गूळ आणायचा आहे म्हणाला असता, तरी मी असंच म्हणाले असते.

एजंटनं पहिल्या दिवशी चार घरं दाखवली. सगळी नवी, बायपासच्या बाजूच्या प्लॉटिंगमधली. प्रत्येक घरापाशी तो एकच सांगायचा, "स्टँड इथून दोन मिनिटं." चौथ्या घरापाशी मी विचारलं, "चालत?"

"चालत कशाला, ताई? गाडीवर."

"मला चालत जायचंय."

मी स्टँडकडं चालायला लागले. नवरा माझ्याबरोबर चालत, आणि आमच्या मागून तो एजंट मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये रेटत. मध्ये वाट नव्हती, भराव होता, मग हायवे ओलांडायचा. ट्रक थांबेपर्यंत आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. स्टँडवर पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. एजंटनं घाम पुसला आणि म्हणाला, "मग ताई, तुम्हाला गावातलंच जुनं बघावं लागंल."

ते जुनं घर एका बाईंचं होतं. साठीच्या पुढच्या, कपाळावर विभूतीचा पट्टा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांच्या यजमानांचं भुसार दुकान होतं, ते गेल्यावर दुकान मोडलं होतं. मुलगा पुण्यात, तो आता त्यांना घेऊन जाणार होता. माहेर उमरग्याच्या पलीकडचं, त्यामुळं फोनवर कुणाशी तरी कानडीत बोलत बोलतच त्यांनी आम्हाला आत घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, शहाबादी फरशी. त्यांनी भिंती दाखवल्या नाहीत की नळ दाखवला नाही. पायरीवर उभं राहून हात करून सांगायला लागल्या.

"हितनं गल्ली संपली का दवाखाना. मग गिरणी. गिरणीच्या अंगाला किराणा. फुडं चौक, चौकात भाजी. चौक वलांडला का तुमचं स्टँड. येका चपलेवर वरीस काढलंय म्या."

नवऱ्यानं मला विचारलं, "आवडलं का?"

"जवळ आहे," मी म्हणाले.

त्या बाईंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. चहा ठेवायला आत गेल्या.

खरेदीखताच्या दिवशी कळंबच्या कचेरीत त्या रडल्या. अंगठा मुलानं धरून लावला. कारकून मला म्हणाला, "बाई, कॅमेऱ्याकडं बघा." मी बघितलं. त्या कागदावर माझा फोटो आहे. कुणीतरी आपल्याला भलत्याच कामासाठी बोलावलंय, असा चेहरा आहे. बाहेर आल्यावर नवऱ्यानं पेढे घेतले. मी एक खाल्ला. घर झालं म्हणून लोकांना काय काय होतं ते मी ऐकून होते. मी वाट बघितली. काही झालं नाही.

आम्ही राहायला आलो. पुढच्या खोलीत मशीन मांडलं, आठवड्यात ब्लाउज यायला लागले. मी सकाळी चालत जायचे आणि संध्याकाळी चालत यायचे. वाटेत काय होतं ते मला सांगता आलं नसतं. पाय घरी आणायचे.

दीडेक महिन्यानं संध्याकाळी मी स्टँडवरून निघत होते आणि फोन वाजला. त्या बाई होत्या. आता मी त्यांना अक्का म्हणत होते.

"सुटलीस का ग कामावरनं?"

"आत्ताच निघाले, अक्का."

"चालत निघालीस का? मग फोन ठिवू नगंस. चौकात कोन हाय ते सांग."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर होतं. खाली उतरलं तर गेट, गेटाबाहेर मोठा रस्ता. मुलगा गाडीनं नेईल तेव्हा बाहेर. महिना झाला, त्या पायी कुठं गेल्या नव्हत्या. "पायाला सूज यायलीय बसून बसून," त्या म्हणाल्या. "तू चाल. मी ऐकते."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. भाजीवाल्या बाईकडं आज मेथी आहे की नाही, गिरणीवाल्यानं बोथट झालेल्या जात्याला टाकी लावून घेतली का, किराणावाल्याच्या ओट्यावर कोण बसलंय. सुरुवातीला मी माइकवर गाड्या सांगते तसं सांगायचे. "मेथी आहे. ओट्यावर दोघं आहेत." अक्का रागवायच्या. "दोगं मंजी कोन? टोपीवाला हाय का? त्याचा गुडघा बरा झाला का?" मला माहीत नसायचं. मग दुसऱ्या दिवशी बघून ठेवावं लागायचं. माझ्या जिवाला त्यात काही गोड वाटत होतं असं नाही. अक्का विचारतात म्हणून बघायचं, इतकंच.

पौषातली गोष्ट. मी गिरणीपर्यंत आले होते. अक्कांनी मध्येच विचारलं, "तू बसमदी का बसत न्हाईस ग? एजंट सांगत व्हता."

मी सांगितलं. अपघाताचं सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी हे कुणालाच बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही, की गेलेले ते गृहस्थ मागं बसले होते आणि त्यांना मीच पुढं बोलावलं होतं. मागं हादरे बसतात, पुढं जागा झालीय, या म्हणून. ते "उपकार झाले, बाई" म्हणत आले होते आणि बसले होते. पुढच्या वळणावर झालं ते.

गिरणीचा पट्टा फिरत होता.

"रडलीस का तवा?"

"न्हाय."

"आत्ता येतंय का?"

मी थांबून बघितलं. "न्हाय, अक्का."

"न्हाय तर न्हाय. चांगल्यासाटी बलवलंस. कुटं आलीस?"

मी बोलता बोलता पुढं गेले होते. "दवाखान्यापाशी."

"गर्दी हाय का?"

मी दारातून आत डोकावले. बाकावर तीन बाया बसल्या होत्या. एक किराणावाल्याची सून, दुसरी आमच्या गल्लीतली. तिसरी कोपऱ्यात, पदरानं तोंड झाकून.

"तिसरी कोन?" अक्कांनी विचारलं.

"माहीत न्हाय."

"मग इच्यार की तिला, काय होतंय म्हणून."

मी फोन कानाला तसाच धरून, चप्पल बाहेर काढून आत गेले आणि तिच्याशेजारी बाकावर बसले.