ताईच्या चित्रवर्गात माझी टेस्ट सिरीज

चित्रकलेत नापास झालेला आमच्या घराण्यातला मी एकटाच, आणि तरीही चित्रकलेचा एक अख्खा वर्ग माझ्या ताब्यात आला.

वर्ग ताईचा. शोभाताई, माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायात कॅलिपर, काखेत कुबडी, जास्त वेळ काम असलं की चाकाची खुर्ची. जिभेला मात्र कसलाच आधार लागत नाही! शाळेत ड्रॉईंग शिकवून उरलेल्या वेळात ती लातूरच्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायची. गायकवाडमामा एसटीत कंडक्टर होते. नजर गेली, आता मातीचे चेहरे करायचे. रेहानाआपांचा उजवा हात भूकंपात गेला होता, त्या डाव्या हातानं रंगवायच्या. सदाशिवला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण हात असा चालायचा, की तुम्ही शिंकलात तर शिंक संपायच्या आत तुमचं नाक कागदावर! शिवाय आणखी सात-आठ जण.

मी फिजिक्सचा क्लासवाला. भूकंपानंतर लातुरात दोनच गोष्टी भराभर उभ्या राहिल्या : पत्र्याच्या खोल्या आणि त्या खोल्यांमध्ये क्लासेस. मी पहाटेपासून खडू हातात धरून फिरत असायचो. मला बसवतच नाही. बायको म्हणते, "जेवताना तरी टेका की! बुडाखाली इंचू हाय का?"

क्लासवाल्यांचा डोळा हॉलवरही होता. एक दिवस कॉलनीचे अध्यक्ष अण्णा ताईला म्हणाले, "बाई, रविवारी कमिटी येऊन बघल. प्रदर्शन मांडा. पटलं तर हॉल तुमचा, न्हाई तर क्लासला देऊन टाकू."

ताईची झोपच उडाली. आसपासचे बाकीचे सगळे हॉल माडीवर. तिथं ही माणसं चढणार कशी? तळमजल्यावरचा, दाराशी उतार असलेला हा एकच. हा गेला की वर्ग संपला.

आणि नेमका तेव्हाच नांदेडहून निरोप आला : नवा कॅलिपर तयार आहे, घालून बघायला या. ताई तिथल्या मावशीकडे राहायला निघाली. जाताना मला किल्ली दिली.

"कुलूप उघड, रंग दे, आणि गप बस. शिकवू नको."

"बरं."

"बरं न्हाई. शपथ घे."

घेतली. (मी शपथा भराभर घेतो. तेवढंच काम उरकतं.)

पहिल्या दिवशी मी खरंच गप बसलो. म्हणजे उभा राहिलो. पण बघवेना! रविवारवर परीक्षा आलेली आणि एकाचा अभ्यासक्रम दुसऱ्याशी जुळेना. एक जण बैल काढतोय, दुसरी नुसते ठिपके देतेय, रेहानाआपांनी तर कागदभर एकच डोळा काढलेला. ना सिलॅबस, ना रिव्हिजन! हात आपोआप खिशातल्या खडूकडे गेला.

"इकडं लक्ष द्या! प्रदर्शनाला हमखास येणारं चित्र!" आणि फळ्यावर काढलं : दोन डोंगर, मध्ये सूर्य, झोपडी, भरलेली नदी, काठावर नारळ. (लातुरात भरलेली नदी आणि नारळ! पण मॉडेल आन्सर हे पाठ करायचं असतं, तपासून बघायचं नसतं.) सूर्याला दोन मार्क, झोपडीला तीन, नदी वाहती असेल तर एक जास्तीचा.

"सर, मला सूरज निळा पायजे," रेहानाआपा म्हणाल्या.

"निळ्याला मार्क न्हाईत, आपा!"

गायकवाडमामांना मी मातीची झोपडी करायला लावली. ते म्हणाले, "सर, एवढी वर्षं कंडक्टरकी केली. गाडीतल्या सगळ्यांना एकाच गावाचं तिकीट कधी फाडलं न्हाई."

"मामा, रविवारपर्यंत सगळ्यांना एकाच गावाला उतरायचंय!"

रोज टेस्ट घेतली. फळ्यावर रँक लावली. सदाशिवनं झोपडीऐवजी ओरडणारा मी काढला, तेव्हा त्याला रिपीटर बॅचला टाकलं. शनिवारपर्यंत निकाल शंभर टक्के लागला. कागद कमी पडले होते, पण कपाटात रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा सापडला. एक बाजू कोरी! आमच्या क्लासात लग्नपत्रिकासुद्धा पाठकोरी म्हणून रफ कामाला घेतात, हे तर उत्तम कागद. मी त्यांच्या कोऱ्या बाजूंवर फायनल चित्रं काढून घेतली आणि भरपूर डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवली.

रविवारी दुपारी ताई बसस्टँडवरून रिक्षानं थेट हॉलवर आली. मावशीनं दिलेला अर्धापूरच्या केळ्यांचा घड मांडीवर होता. खुर्चीत बसून तिनं भिंतीवरून नजर फिरवली. डोंगर, सूर्य, झोपडी. डोंगर, सूर्य, झोपडी. अशी भिंतभर!

"हे सगळं एकाच माणसानं काढलं का?"

"न्हाई! सगळ्यांची सारखी तयारी करून घेतली!"

"झेरॉक्सचं दुकान मांडलंस होय रे येड्या? काढ ते! आणि वर्षभराची चित्रं लाव."

"कोणती?"

"कपाटातली!"

मी एक चित्र पुठ्ठ्यावरून ओढलं. टर्रकन फाटलं. खालून अर्धा बैल निघाला, बाकीचा अर्धा डिंकात राहिला. दुसरं ओढलं तर रेहानाआपांचा तो डोळा, तोही मधोमध फाटलेला.

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. (लातुरात असं मोठ्यानं म्हणत नाहीत.)

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नांदेडहून आणलेले कोरे कागद सगळ्यांना वाटायला लावले. सदाशिवला खुणेनं सांगितलं, बाकीच्यांना तोंडानं : "कमिटी येऊन बसल. जे जाणवंल ते करा. आणि ह्याच्याकडं बघू नका!"

कमिटी आली. अण्णा, त्यांच्या बायको काकू आणि चार-पाच जण. त्यांना चहा दिला, केळी दिली. अण्णा केळं सोलत कंटाळलेल्या चेहऱ्यानं भिंतीकडे बघत होते. मी दोन मिनिटं एका जागी टिकलो नाही. याच्या कानात "लवकर", त्याच्या कानात "नीट". ताईनं डोळ्यांनीच मला दाराशी हाकललं.

तेवढ्यात बाहेर धडाडधडाड! धडाडधडाड!

भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडे असा आवाज आला की आधी पाय निघतात, डोकं मागून येतं. "हाललं! पळा!" असं कुणीतरी किंचाळलं. (मीच.) मी रंगाच्या बादलीवरून उडी मारली, म्हणजे बादलीत मारली, आणि बादलीसकट मैदानात आलो. माझ्या मागे अण्णा, त्यांच्या मागे सगळी कमिटी.

जमीन हालत नव्हती. दाराजवळ टेम्पो उभा होता आणि दोघं जण लोखंडी बेंच खाली आपटत होते.

"सर, तुमचे बेंच!" ड्रायव्हर ओरडला. "तुमच्या गल्लीत टेम्पो जाईना. तुम्हीच म्हणला होता ना, हॉलवर टाका म्हणून?"

म्हणालो होतो. नव्या बॅचसाठी. आणि विसरलो होतो. अख्खी कमिटी माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा लक्षात आलं, ताई आतच आहे.

दारात गायकवाडमामा भेटले. चाचपडत ताईची खुर्ची ढकलत त्यांनी उंबऱ्यापर्यंत आणली होती. म्हणाले, "काय सर! प्याशिंजर आतच आणि डायव्हर उडी टाकून पसार?"

"मला सोडून पळालास, लेका," ताई म्हणाली. एवढंच. ती चिडली असती तर परवडलं असतं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नाही.

आत सदाशिव मान खाली घालून काढत बसला होता. त्याला आवाज ऐकू आला नव्हता, जमीन हालली नव्हती. मग उठायचं कशाला? त्याच्या समोरून एकाएकी सगळी माणसं पळाली, ती त्यानं काढली. शेवटची रेघ मारून त्यानं कागद भिंतीला टाचला.

चित्रात हॉलचं दार. दारात मी, एक पाय बादलीत, दुसरा हवेत, तोंड रांजणाएवढं उघडं. माझ्या मागे अण्णा, हातात अर्धं सोललेलं केळं, धोतराचा सोगा सुटलेला. कुणाचीही ओळख चुकणार नाही असे हुबेहूब.

कमिटी परत आत आली. कुणी हसेना. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताई माझ्या कानात पुटपुटली, "गेला हॉल."

"ह्यो म्होरचा कोण?" अण्णांनी विचारलं.

"माझा भाऊ," ताई म्हणाली.

"आन मी दुसरा?"

"हाव."

"नक्की दुसरा?"

"हाव अण्णा. चित्रात दिसतंय की."

अण्णा गर्रकन काकूंकडे वळले. "बघ! नीट बघ! भूकंपात मीच समद्यात आधी पळालो म्हणून चारचौघांत ऐकवून राहिलीस ना? माझ्याबी म्होरं पळणारा माणूस हाय गावात!"

काकू पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मग कमिटी हसली, रेहानाआपा हसल्या, गायकवाडमामांना कुणीतरी चित्र सांगितलं तेव्हा तेही हसले.

"बाई, ह्ये चित्र हितंच ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "आन ज्यानं काढलं त्यो बी. वर्ग चालू ठेवा."

ताईनं सदाशिवचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा रडली. या खेपेला मी जवळच उभा होतो, हललो नाही. (पाय बादलीतून निघत नव्हता.)

चित्राला काच बसली आणि ते हॉलच्या दाराशी लागलं. जूनमध्ये जळकोटचे एक पालक मुलाला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, हॉलवर तुमचा फोटो बघितला. अध्यक्षसुद्धा तुमच्या मागं! सगळ्यांच्या म्होरं असणाऱ्या सरांकडंच पोराला घालायचं, आसं तिथंच ठरवलं."

मी ॲडमिशन घेतली. त्यांना जाताना दारापर्यंत सोडलं, एकही गोष्ट न समजावता. ताई म्हणते, न शिकवता गप बसणं मला आयुष्यात तेवढं एकदाच जमलं.